गाळणं

नाचणीला मोड आणून मी आजवर तिघांसाठी वाळवली.
थोरल्यासाठी, धाकटीसाठी,
आणि साठीनंतर यांच्यासाठी.
पोरं दात येईपर्यंत प्यायली.
यांना दातांचं काही नव्हतं,
फेस हवा होता.

एकतीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये
दुसऱ्यांच्या उसाचं ब्रिक्स मोजलं.
निरोपाला शाल, नारळ,
आणि डब्याच्या पिशवीतून आलेला एक हायड्रोमीटर.
तो आधी दुधात बुडवला, मग माझ्या कढीत.
मग म्हणाले, बिअर करून बघू.

भिलवडीत जपायचं ते सगळं माळ्यावर असतं,
एकोणीसच्या पाण्यानं घातलेली सवय.
सातबारे, धाकटीच्या मार्कशीटा, माझा शालू,
आणि आता वीस लिटरचा जार,
तोंडाला सलाईनची नळी,
नळीचं टोक तांब्यात.
बुडुक.
मग बराच वेळ काही नाही.
बुडुक.
अंथरुणात वाटायचं, वर कुणीतरी
आवंढा गिळतंय.

आमच्यात दिवे लागायच्या आत जेवतात.
सासूबाई विहिरीचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळायच्या
आणि फडकं उलटं करून
वर राहिलेलं परत विहिरीत सोडायच्या.
ज्याचं त्याच्या घरी, म्हणायच्या.
मी यांना एवढंच विचारलं,
जारमध्ये कोण आहे?
यीस्ट.
जिवंत?
हो.
किती?
यांनी वहीत आकडा मांडला, शून्यं मोजली,
आणि पान फाडून खिशात घातलं.

कडवटपणाला हॉप्स लागतात. आम्ही काडेचिराईत घातलं.
पुतण्या पारिस तेव्हा पुण्याची नोकरी सुटून आलेला.
म्हणाला, काका, हॉप्स आणि गांजा चुलत भावंडं.
हे हसले.
मी नाही हसले, कारण त्याच्या पँटीतली काडेपेटी
धुण्याच्या वेळी मला सापडली होती
आणि तिच्यात काड्या नव्हत्या.

पावसाळाभर पोरगा हळदीत राबला.
पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन,
बांधावरची मूठभर माती.
सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, उजवीकडून.
रासायनिक एक कण नाही, छातीवर हात मारून सांगायचा.
सगळी आळी म्हणाली, पारिस सुधारला.
चौथ्या सरीत हळदीच्या रुंद पानांत
एक करवती पान होतं, ते मी बघून बघितलं नाही.

दिवाळीआधी हौसाबाई भांगलायला गेली
आणि सरीत थांबली.
तिचा सासरा मठात चिलमी भरायचा.
तुरा दोन बोटांत धरून तिनं निरखला,
स्थळ बघावं तसा.
"ह्यो गडी हाय वो मालक.
ह्येचा काय उपेग न्हाई."

पाच महिन्यांचं जीवामृत.
पारिस बांधावर बसला तो उठेना.
हे म्हणाले, बाईमाणूस निघाली असती
तर तू आत आणि मी जामिनाला. उपट.
मुळं लांब होती. चांगल्या मातीतली.

बाटल्या त्याच दिवशी फोडल्या, दुपारी चारला.
नियम मोडायचा तोही उजेडी.
दोन माळ्यावरच फुटल्या होत्या,
माझ्या शालूला अजून आंबूस वास आहे.
उरलेलं सासूबाईंच्या फडक्यातून गाळलं.
फडकं मी दिलं नव्हतं. यांनी शोधून काढलं.

हौसाबाईनं पितळीतून एक घोट घेतला,
जीभ टाळूला लावून बघितली.
"आंबीलच की ओ ही.
जरा उतावळी झाल्याली."
हायड्रोमीटर टेबलावर आडवा पडला होता.
हे त्याच्याकडे बघत राहिले, मग पितळीकडे,
मग मला म्हणाले,
तुला वासावरून कळलं असतं ना, कधी थांबायचं ते?
आंबोळीचं पीठ रोज कुणाला विचारून फुगतं, मी म्हटलं.

फडक्यावर पिवळट चिखल राहिला होता.
मोरीत टाकवेना.
तिन्हीसांजेला मी एकटीच हळदीत गेले,
पिंपावर फडकं उलटं धरलं,
तांब्याभर पाण्यानं हळूच सोडलं.
घर त्यांचं हेच का, माहीत नाही.
गूळ तरी होता.

सकाळी पिंपाला हातभर फेस.
पारिस काठी घेऊन उभा,
ढवळू का नको, विचारत होता.