चाकोरी: मसुदा चौथा

सांवेर रोडच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये,
बारा मीटरचा एक रस्ता आहे.
तो कुठून येत नाही, कुठे जात नाही.
त्याच्यावर एकच चाक.
टोकाला पोचलं की उचललं जातं,
हवेतून रिकामं परततं, पुन्हा टेकतं.
ताशी सहाशे वेळा.
वीस वर्षांचे ट्रक
आम्ही अकरा आठवड्यांत बसवतो.

रात्रपाळीला मी आणि गजेंद्र पाटीदार.
त्याच्या बापाच्या शेतातून बायपास गेला,
म्हणून तो रस्त्यांशी नात्यातल्यासारखा बोलतो.
"मॅडम, आज हा एकेचाळीस सालचं दुखणं काढतोय,"
आणि डांबरावर हात ठेवतो.
हीटर बावन्न अंशांवर.
खाली माळव्याची काळी माती,
पाणी प्यायली की फुगते, रुसली की भेगाळते;
तिला कुणाच्या वेळापत्रकाचं काय.

कलम सात: नापास म्हणजे किती?
दिल्लीचे म्हणाले, वीस मिलिमीटर.
पुण्याचे म्हणाले, बारा. पाणी साचतं, दुचाकी घसरते.
आठ मिलिमीटरांवर दोन तास भांडलो.
रामबागेत घरी सांगितलं, तर आई म्हणाली,
"करंगळीच्या नखाएवढं?"
हो. तेवढंच.

मी आडवी पट्टी ठेवते, खाली पाचर सरकवते.
सतरा.
चाकोरीत राहा, असं लहानपणी सगळ्यांनी सांगितलं.
चाकोरी खोलीने मोजतात
हे कुणी नाही सांगितलं.

कलम अकरा मीच घातलं:
चाकाने एकाच रेघेवर चालू नये,
डावीउजवीकडे जरा भरकटावं,
झोप आलेल्या, बिडी पेटवणाऱ्या,
कालचा खड्डा आठवणाऱ्या ड्रायव्हरसारखं.
समितीने 'भरकटणे' खोडलं,
'पार्श्विक विचलन' केलं.
चालेल. चाक भरकटतंय ना.

कलम बाराला अजून कुणाची सही नाही.
वजन घाईने देता येतं,
ऊन घाईने देता येत नाही.
वीस उन्हाळे डांबरातलं तेल घोटघोट पितात,
ते अकरा आठवड्यांत आणायचे कुठून?
मी लिहिलंय:
'या चाचणीत रस्ता थकतो, म्हातारा होत नाही.'
म्हणतील, ही मानकाची भाषा नव्हे.
माहीत आहे. पाचव्या मसुद्यात काढीन,
किंवा नाही काढणार.

पहाटे चारला वीज गेली.
चाक रस्त्याच्या मधोमध थांबलं,
पत्र्यावरची पाल आज पहिल्यांदा ऐकू आली.
गजेंद्रने घड्याळ लावलं.
विश्रांतीचीही नोंद ठेवावी लागते,
उसंत मिळाली की डांबर
आतल्या आत थोडं सांधून घेतं.
आम्ही बोललो नाही. त्याने थर्मासमधला अर्धा चहा
माझ्याकडे सरकवला.

सव्वीस मिनिटं. रजिस्टरमध्ये लिहिली.
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना:
आजच्या रात्रीतली एवढीच
खऱ्या वेगाने गेली.