पुढच्या भाडेकरूसाठी

(ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला, आतून चिकटवलेलं)

तुमचं नाव मला माहीत नाही.
बदलीवर येताय, एवढंच बिरनाळेकाका म्हणाले.
मीही तशीच आले होते, अकोल्याहून,
दोन बॅगा आणि एक कूलर घेऊन.
कूलर काकांना देऊन टाकलाय.

नळाला पाणी किती वेळ येतं, ते विचारून झालं असेल.
आता पाणी कुठवर येतं, ते विचारा.
जिन्यात दोन रेघा आहेत.
काका दर दिवाळीला भिंत रंगवतात
आणि तेवढा पट्टा सोडतात.
खालची पाचची, वरची एकोणीसची.
मधली, पेन्सिलीची, एकविसाची. ती माझी.

ऑगस्टमध्ये लोक फूट विचारतात,
"आयर्विनला किती?"
चाळीसपर्यंत चहा पीत बोलणं चालतं.
पुढे कप खाली ठेवतात.

शंभर फुटी रस्ता मोजायला जाऊ नका.
भडंग कुणाची चांगली, यावर निदान वर्षभर
मत देऊ नका.
हळदीच्या दिवसांत वारा यार्डाकडून आला
तर पांढरे कपडे आत घ्या,
किंवा राहू द्या. मी नंतर राहू द्यायचे.

"जेवायचं न्हाई व्हय?" ही इथली चौकशी आहे.
पहिल्या आठवड्यात मी ते आमंत्रण समजले
आणि हात धुऊन खाली गेले.
नदाफभाभी काही बोलल्या नाहीत,
दोन भाकऱ्या जास्त थापल्या.

रविवारी संध्याकाळी स्टँडवर जाऊन
बाहेरगावच्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसाल.
बसा.
तिथला चहा इतका वाईट आहे
की सवय आपोआप सुटते.

तुम्ही वर राहणार, म्हणजे पुढची खोली
पावसाळ्यात निम्मी तुमची नाही.
खालच्यांचे गहू येतील, दप्तरं, सिलिंडर,
एक म्हातारी मांजर, जी कुणाचीच नाही.
भाभींचं शिलाई मशीन या ओट्यापाशी होतं,
तेरा दिवस.
लाइट नव्हती, तरी त्या पायाने
उगाच रिकामं चालवायच्या.

पाणी ओसरल्यावर भाजीवालीनं विचारलं,
"तुमच्यात किती आलं?"
"आमच्यात सहाव्या पायरीपर्यंत," मी म्हणाले
आणि गवार निवडत राहिले.
आमच्यात.
अकोल्यात असं कुणी म्हणत नाही.

गच्चीची किल्ली मीटरच्या डब्यामागे.
मशीन जड आहे, दोघं लागतात.
तुम्ही एकटे येताय का, ते काका बोलले नाहीत.
वळणावर चाकाची बाजू आधी घ्या.