टाळू

जिंतूरच्या वीज कचेरीत खिडकी क्रमांक दोन.
काचेला वाटीच्या तोंडाएवढं एक भोक.
त्यातून अठरा वर्षं येतायत माझ्याकडे
घामेजल्या नोटा, चुरगळलेली बिलं
आणि शिव्या.
पहिली दोनचार वर्षं मी माणसांकडे बघायचो.
मग ग्राहक क्रमांकाकडे बघायला लागलो.
मग नुसतं भोकाकडे.

राग आला असता तरी बरं होतं.
रागाला आत थोडी ओल लागते.
माझं मे महिन्यातल्या येलदरीसारखं,
गाळाला भेगा,
आणि भेगांत अडकलेला कुणाचा तरी एक बूट.

जेवणाच्या सुट्टीत वायरमन इलाही येतो.
चढायचा पट्टा खुर्चीच्या पाठीला अडकवतो,
भाकर मोडतो
आणि न विचारता सांगायला लागतो
आज खांबावरून काय दिसलं ते.
पहिल्या दिवशी मी म्हणालो, मला काम आहे.
"करा की. मी कुठं हात धरायलोय."

चारठाण्याला एका घराची लाईन तोडायची होती,
तीन बिलं थकलेली. तोडली.
संध्याकाळी पलीकडच्या खांबावर चढला तर
शेजाऱ्याच्या न्हाणीच्या झरोक्यातून
एक वायर निघालेली त्याच घराकडं,
वरून वाळत घातल्यासारखी गोधडी.
दोन्ही घरांची बांधावरून
नऊ वर्षं बोलचाल बंद.
"मग तू काय केलंस?"
"काय करावं? गोधडी वाऱ्यानं सरकली होती,
खाली आलो, नीट केली."

नंतर कौसडीचा रंगनाथ.
गाव त्याला येडा म्हणतं.
इलाही वर चढला की हा खाली
दोन्ही हातांनी खांब धरून उभा,
पडू नये म्हणून.
तास झाला तरी सोडत नाही.
आणि बाया येता-जाता
त्याच्या डोक्यावर ओलं फडकं टाकून जातात,
जसं काही त्याला खरंच काम लागलंय.

"इलाही, हे सगळं खरं का रे?"
"अर्धं."
"कोणतं अर्धं?"
त्यानं डबा विसळला, पाणी कुंडीत टाकलं.
"वरून माणसाचं तोंड दिसत नाही, साहेब.
टाळू दिसती.
आईनं तेल जिरवलेली जागा.
तिथं बघून शिवी सुचत नाही."

मी हसलो. त्या आठवड्यात
मी दोघांवर खेकसलो, एकाला उद्या या म्हणालो.
काही झालं नाही मला.
फक्त संध्याकाळी मोटारसायकल काढताना
गोधडी आठवायची.

मंगळवारी चक्रधर घुगे आला,
मागच्या महिन्यात माझी आई काढणारा.
भोकाला तोंड लावून त्यानं सुरुवात केली,
तेवढ्यात मुठीतलं नाणं पडलं,
तो वाकला,
आणि काचेपलीकडे माझ्यासमोर
नुसतं त्याचं डोकं.
केस विरळ. दोन भोवरे.
दोन भोवऱ्याच्या पोराची दोन लग्नं होतात म्हणतात.
त्यालाही म्हटलं असेल कुणीतरी,
मांडीवर घेऊन, तेलाचा हात फिरवत,
आणि सगळं घर हसलं असेल.

नाणं घेऊन तो वर आला
तेव्हा मी दाराची कडी काढत होतो.
"आत या. बसून बघू."

तो पट्टा अडकवलेल्या खुर्चीच्या काठावर बसला.
पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
मग हळूच विचारलं,
"किती द्यावं लागंल?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.
रीडिंग दोनदा ताडून पाहिलं.
बिल बरोबरच निघालं, रुपयासुद्धा कमी नाही.
तो पुटपुटत गेला.
जाताना दार मात्र
आवाज न करता ओढून घेतलं.

उद्या जेवताना इलाहीला सांगणार आहे.
बिलाचं तेवढं
गाळीन म्हणतो.