ठसा

ताळगावच्या पठारावर, रात्री दीड वाजता,
व्हॅक्यूम भट्टीत नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा तापतोय.
त्यावर पॉलिमरचा थर, थरात सोन्याचे कण.

दोन साखळ्या, एकमेकींशी अजिबात न पटणाऱ्या,
पण टोकाला टोक बांधलेलं.
फारकत घेऊन जाणार तरी किती लांब?
आपापल्या लांबीपुरत्या.
मग पट्टे धरतात. एक हिचा, एक तिचा.
सोन्याला मी आधीच एकीचा अंगरखा चढवलाय,
ते नेमकं तिच्याच ओळीत जाऊन बसतं.

"मग तू काय करतेस?" आबांनी विचारलं होतं.
"तापवते. थांबते."
आगरवाड्याच्या मिठागरात चाळीस उन्हाळे काढलेला माणूस.
"म्हणजे मीठच," म्हणाले.

सकाळी मिलाग्रिनने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लावून दिला.
पडद्यावर वळणं, भोवरे,
मध्येच फुटून दोन झालेली रेघ,
आणि रेघेरेघेतून सोन्याचे ठिपके, मुंग्यांसारखे.
"बोटाचा ठसा गो हा!"
सगळेच तसं म्हणतात.

मी बोलले नाही.
शनिवारी रेशनच्या दुकानात
यंत्राने आबांचा अंगठा चार वेळा नाकारला.
गांवसने ओल्या फडक्याने पुसला, खोबरेल लावलं,
पाचव्यांदा टेकवला.
नाही.
मिठाने रेषा कधीच खाल्ल्यात.
"अरे, हांव हांगाच आसां मरे!"
आबा यंत्राला सांगत होते.

फाइलीला नाव द्यायचं होतं.
मी 'उजवा अंगठा' लिहिलं,
पुसलं,
नमुना अकरा लिहिलं.