दोन वाटांचं पाणी

शिशाचा झगा चढवला की आधी खांदे बोलतात.
बाहेर उलानबातर, उणे एकतीस.
आत बाई म्हणाल्या, तेमुलेन, सुईला हात लावण्याआधी सांग,
काळजाला पाणी कुठून येतं?

मी पाठ केलेलं म्हटलं. दोन वाटांनी.
मोठा हिस्सा शिरेतून, आतड्यांकडून,
उरलेलं धमनीतून.
आणि गाठीला?
गाठीला धमनीतूनच, जवळपास सगळं.
झालं तर मग, बाई म्हणाल्या,
आपला सगळा धंदा या एका फरकावर चालतो.

टेबलावर ल्हाम्सुरेन आजोबा, दोर्नोगोबीचे, उंटवाले.
मांडीच्या सांध्यात भूल, तोंड मात्र जागं.
नळी कुठवर नेणार रे?
गाठीच्या पाटापर्यंत, मी म्हटलं.
तिथं औषध भरलेले मणी सोडायचे, वाळूच्या कणाएवढे.
पाट बुजतो. गाठ उपाशी मरते.
म्हणजे चोराची विहीर बुजवायची, आपली ठेवून.
हो, तसंच.
आणि ती आपलीच निघाली तर?

मी हसलो. मास्कमुळे त्यांना दिसलं नसेल.

रंग सोडला. पडद्यावर काळं झाड उगवलं,
आणि वरच्या उजव्या फांदीला तो पुंजका.
पुस्तकात त्याला लाली म्हणतात,
पडद्यावर ती काळीच असते.
बोटं शिवशिवली. फांदी, पोटफांदी,
तार आता माझं ऐकायला लागली होती.

थांब. दुसरी वाट कोण बघणार?

नळी आतड्याच्या धमनीत वळवली, रंग सोडला,
आणि मोजत राहिलो. तो फिरून शिरेत येतो,
दहा, बारा सेकंदांत यायलाच हवा.
बाराला काही आलं नाही.
पंधराला आले नुसते धागे, वाकडेतिकडे, कडेकडेनं,
आणि मोठी शीर असायची तिथं रिकामी जागा.
तीन आठवड्यांपूर्वीच्या सीटीत ती वाहत होती.
मी तो सीटी तीनदा पाहिला होता.

वाटलं, बाई काहीतरी तोड काढतील.
त्यांनी मण्यांची न उघडलेली कुपी
ट्रेच्या दुसऱ्या टोकाला सरकवली, एवढंच.

नळी काढली. पंधरा मिनिटं मी सांध्यावर दाब देऊन उभा,
बोटांखाली आजोबांची नाडी, संथ, उंटाच्या चालीची.
आमच्याकडे एका मुलखातल्या माणसांना
एका काळजाचे म्हणतात.
मास्क उतरवून बाई वाकल्या.
आज नाही, म्हणाल्या. हा उपाय बहुतेक नाहीच, असंही म्हणाल्या.
गोळ्या आहेत. शुक्रवारी सगळे डॉक्टर एकत्र बसतील.
आणि पोटातल्या कळेसाठी पाठीतून एक सुई असते,
दुखऱ्या नसा निजवणारी. ती देता येईल.

दुखते का ती?
थोडी दुखते.
बरं.

मग माझ्याकडे बघून,
दाब जरा कमी कर पोरा, पळून जात नाही मी.

संध्याकाळी अहवाल.
‘काय केलं’ या रकान्यापाशी मी बराच वेळ बसलो,
शेवटी लिहिलं, दोन्ही वाटा पाहिल्या.
बाईंनी खोडलं नाही. खाली स्वतःच्या अक्षरात भरलं:
रंग, नव्वद मिलिलिटर.
किरणं, अकरा मिनिटं.
मणी, शून्य.