प्रश्न सतरावा

दुलुथ. रात्रीचे अकरा पन्नास.
लॉन्ड्रोमॅटमध्ये चार नंबरचा ड्रायर
कुणाचा तरी एकच बूट फिरवतोय, धाडधाड.
मी काउंटरमागे, समोर जुनी सराव-पुस्तिका,
आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केलेली,
त्यातल्या निम्म्या चुकीच्या.

प्रश्न सतरावा :
'धक्क्यावरचे दिवे काढायलाच हवेत.
दिवे लागले, मासे खोल पाण्यात गेले,
तेव्हा कोळ्यांना जाळी लांब टाकावी लागली.'
निष्कर्ष ओळखा.
मी 'तेव्हा'भोवती गोल करते. ठळक, दोनदा.

बुधवारी लायब्ररीत फुकट शिकवणारा
टेरेन्स ओक्सानेन सांगतो, शब्दांना भुलू नका.
'म्हणून' हे कधीकधी रिकाम्या डब्यावरचं झाकण असतं.
एवढंच विचारा :
हा माणूस माझ्या गळ्यात काय मारतोय?
आणि कशाच्या जोरावर?

तेव्हापासून साधं काही वाचताच येत नाही.
घरमालकाची चिठ्ठी : बॉयलर जुना झालाय.
गॅस महागलाय. तुम्ही फार चांगल्या भाडेकरू आहात.
निष्कर्ष मागच्या बाजूला, आकड्यात.
तिसऱ्या विधानाचा इथे संबंध काय,
असं मी समासात लिहिलं
आणि चेक फाडला.

बहिणीचा फोन : तुझं काय बाई, एकटा जीव.
माझी दोन्ही पोरं तापानं फणफणलीत.
बाबांची डॉक्टरकडची वेळ गुरुवारी दहाची.
लेकी बोले सुने लागे,
पण इथे सून कोण नि लेक कोण, आम्ही दोघीच.
न बोललेला निष्कर्ष येऊन
माझ्या मांडीवर मांजरासारखा बसला.
गुरुवारी मी पस्तीस प्रश्न सोडवणार होते.

बाबा बत्तीस वर्षं खनिजाच्या गोदीवर होते.
समुद्राएवढ्या सरोवराला ते तळंच म्हणतात.
उचलत्या पुलापाशी गाडी थांबली होती.
खालून एक जहाज जात होतं, या मोसमातलं शेवटचं असावं.
बाबा काचेकडे बघत म्हणाले,
'तळं यंदा लवकर गोठणार.'
मग बराच वेळ नुसते वायपर.
'तुझी आई गेली, तेव्हा गोठलं नव्हतं.'

मी लगेच कामाला लागले, सवयीनं.
कोण कुणाला टेकू देतंय?
मधे 'कारण' घालून पाहिलं.
वाक्यं उलटी लावून पाहिली.
आईचा कोट अजून खुंटीला आहे, तोही जोडून पाहिला.
बसेना काही.
पुस्तिकेत पान चाळीसवर चौकटीत दिलंय :
प्रत्येक उतारा युक्तिवाद नसतो.
काही नुसत्या नोंदी असतात.
मागच्यानं हॉर्न मारला.
पूल कधीच खाली आला होता.
तो हॉर्न मात्र पुरता युक्तिवाद,
आधार नि निष्कर्ष एकाच आवाजात.

बारा वाजून दहा. बुटाचा मालक आला,
एका पायात बूट, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी.
'दुसरा नाही वाळवायचा?'
'दुसरा कोरडाच होता,' तो म्हणाला,
आणि इतकं समाधानानं म्हणाला
की मी पुढे काही विचारलं नाही.

उत्तरं शेवटच्या पानावर आहेत.
सतरा : चूक.
निष्कर्ष पहिल्याच वाक्यात होता.
'तेव्हा' नुसती वेळ सांगत होता.

मी गोल खोडते. कागद जरा फाटतो.
चार नंबरचं दार उघडं राहिलंय,
आत अजून ऊब आहे,
बंद करायला उठायला हवं.