मोड

जानेवारी ते मे माझं काम शून्य लिहिण्याचं.
कणकुंबीच्या पर्जन्यमापकाचं झाकण सकाळी साडेआठला उघडायचं,
आत कोळी बसला असला तर त्याला बाजूला करायचं
आणि 'मळे' छापलेल्या रकान्यात शून्य.

नोकरीला लागलो तेव्हा कन्नड येत नव्हतं.
वाटलं, कुणाचे मळे, किती मळे,
आणि ह्या डोंगरावर ते मोजायला कोण सांगतंय?
बसलिंगप्पा हसून हसून खोकला होता.
मळे म्हणजे पाऊस रे.
आणि ते वर, पांढरं? ते मोड.

मोड तर आमच्यात मटकीला येतात.

ही गोष्ट वैजूला लहानपणी इतक्यांदा सांगितली
की ढग दिसला की ती म्हणायची,
"कुणीतरी आभाळ भिजत घातलंय."

आता ती गोव्याहून सुटणाऱ्या बोटीवर असते.
समुद्राचं पाणी बाटल्यांत भरते, बाटल्यांना नंबर देते,
रात्री दोन वाजता उठून पुन्हा भरते.
परवा फोन लागला, मध्येमध्ये तुटत.
"अप्पा, समुद्राचा वास म्हणतात ना,
तो पाण्याचा नसतोच."

मग तिनं सांगितलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय,
शून्यांच्या पाठीवर.

हिरवे जीव. सुईच्या टोकावर कितीतरी मावतील एवढे.
उन्हावर जगतात.
त्यांना खाणारेही जवळजवळ तसलेच, नजरेत न येणारे.
एखादा खाल्ला गेला, फुटला, आपल्या मरणानं मेला
की त्यातून गंधकाचा एक वायू सुटतो:
डायमिथाइल सल्फाइड (तीनदा विचारून लिहिलं).
तो वर जातो, उन्हात बदलतो, कण होतो.
कणाला धरून वाफ बसते.
असे कितीतरी थेंब, मग ढग.
पांढरा ढग ऊन आल्या वाटेनं परत पाठवतो,
खालचं पाणी जरा गार राहतं.

"म्हणजे बी लागतं," मी म्हटलं.
"लागतं की. ढगालाही."
"सगळ्या ढगांना हेच?"
"त्यावरच तर भांडतायत सगळे. धूळ असते, मीठ असतं, आपला धूर असतो.
आणि पाणी तापत चाललंय, अप्पा.
हे जीव वाढतील की सरतील, कुणाला नक्की..."
रेंज गेली.

बाजाराच्या दिवशी खानापुरात
इनासिन मावशीच्या गोणपाटापुढं थांबलो.
सुके बांगडे, गोलमा, दोन मोरीचे तुकडे.
वाकून खोल श्वास घेतला.
"काय बघालाईस? घ्यायचं नाही तर हुंगायचं कशाला?"
म्हटलं, ह्यात कुठंतरी ढगाचं बी आहे.
"पन्नासला वाटा," ती म्हणाली,
कानावरची पदराची कड न सरकवता.

घेतला.
येताना अख्ख्या बसला वास.
वैजू असती तर म्हणाली असती, हा वास निराळा,
ह्यात दुसरंही बरंच काही मिसळलंय.
शेजारच्या बाईनं खिडकी उघडली, तर वास मागच्या सीटवर गेला,
तिथून अजून मागं.
असाच जात असेल, कुणाला न विचारता,
घाट चढत, गोव्याची पाटी, कर्नाटकाची पाटी ओलांडत,
पाट्या काय, त्या आमच्यासाठी.

घरी फडक्यात बांधलेली मटकी
खुंटीला टांगलेली. बायको म्हणाली, हात नको लावू,
अजून उद्याचा दिवस जाऊ दे.

सकाळी झाकण उघडलं. कोळी नव्हता.
चोर्ल्याच्या बाजूला, दरीवर,
मुठीएवढं पांढरं काहीतरी थांबलेलं.
कुठल्या पाण्यातला, किती मेलेल्यांचा,
की नुसत्या धुळीचा, मला काय कळणार.

रकान्यात शून्य लिहिलं.
शेऱ्याची जागा एकवीस वर्षं कोरीच होती.
तिथं लिहिलं: पश्चिमेला एक मोड.

बेळगावच्या ऑफिसात वाचणाऱ्यानं
ढग वाचला तरी चालेल,
मटकी वाचली तरी.